एकच चप्पल: आधारासह स्वतःच्या घरात राहणाऱ्या एका स्वमग्न माणसाचं प्रकरण

नोंदवहीतली एक नोंद जशीच्या तशी देते. "दुपारी 2.10. दादाने परत चप्पल लपवली. मागितली तर स्वतःच्या हाताला चावला. कारण काही नाही. खोलीत नेऊन बसवलं. 2.45 ला शांत."

सहा आठवड्यांत अशा 31 नोंदी झाल्या होत्या. मजकूर थोडाफार बदलायचा, "कारण काही नाही" मात्र कायम. त्या घराची समन्वयक म्हणून दर आठवड्याला त्या पानांखाली मी सही केली आहे. पुढचं सगळं त्या तीन शब्दांबद्दल आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याच्या आईला आणि बहिणीला आधी वाचून दाखवलं. त्यालाही, जितकं सांगता आलं तितकं, फोटो समोर ठेवून सांगितलं.

माणूस आणि घर

घरात सगळे त्याला दादा म्हणतात. वय 36. स्वमग्नता, आणि जोडीला मध्यम ते तीव्र बौद्धिक अक्षमता. बोलण्यात पंधरा-सोळा शब्द, त्यातले निम्मे फक्त घरच्यांना कळणारे. वस्तू समोर असेल तर "हे घे आणि तिथे ठेव" इतपत सूचना नीट समजते. वस्तू समोर नसेल तर तेच वाक्य हवेत विरतं. कपडे धुण्याचं यंत्र तो स्वतः लावतो. चादरीची घडी घालताना कडेला कड जुळली नाही तर पुन्हा उलगडतो, तिसऱ्यांदाही उलगडतो, आणि जुळली की तळहात सपाट फिरवून एक "हं" करतो. घड्याळाकडे सारखा बघतो. फाइलमध्ये हे "घड्याळाचं वेड" म्हणून नोंदलेलं होतं.

पस्तीस वर्षं तो आईजवळ राहिला. आईचे गुडघे गेले, रात्री त्याच्यामागे उठणं तिला जमेना. मग दोन पर्याय होते: निवासी संस्था, नाहीतर स्वतःचं घर आणि त्यात मदत. बहिणीने दुसऱ्याचा आग्रह धरला.

या दोन्हींतला फरक अजून पुष्कळ कुटुंबांना नीट सांगितला जात नाही, म्हणून इथे सांगते. निवासी संस्थेत छप्पर आणि काळजी एकाच हातात असते. एक सुटलं की दुसरंही सुटतं. आधारासह राहण्यात घराचा करार त्या माणसाच्या नावावर असतो आणि मदत वेगळी येते. मदत देणारे बदलले तरी घर जात नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 साली स्वीकारला गेला. त्याचं 19 वं कलम म्हणतं की कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क इतरांइतकाच या माणसांनाही आहे. त्या कलमाचा अर्थ उलगडणारं टिपण या करारावर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2017 साली काढलं, त्यातला मुद्दा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. शंभर माणसांची इमारत सोडून पाच-आठ जणांच्या घरात, अगदी एकट्याच्या घरात आणून ठेवलं, म्हणून संस्था संपत नाही. मदत कोणाकडून घ्यायची यावर माणसाची काहीच सत्ता नसेल, दिवसाची आखणी त्याला न विचारता ठरत असेल, तर ती संस्थाच. आकार लहान, एवढंच.

आमच्या घरात तिघे राहतात, प्रत्येकाची स्वतंत्र खोली. दिवसा दोन मदतनीस, रात्री एक जागा माणूस. पाळ्या तीन: सकाळी 7 ते 2, दुपारी 2 ते 9, रात्री 9 ते 7. एकूण आठ जण आलटूनपालटून. हे सगळं आम्ही अभिमानाने सांगायचो.

काय घडत होतं

पहिले तीन महिने चांगले गेले. चौथ्या महिन्यात चप्पल लपवणं सुरू झालं. दाराजवळच्या रॅकवरून चप्पल गायब व्हायची आणि त्याच्या उशीखाली, गादीखाली, एकदा यंत्राच्या ड्रममध्ये सापडायची. मागितली की तो उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी चावायचा. तिथली कातडी जाड, पिवळट झाली होती, वर ताजा चावा. ओढून घेतली की ऑफिसच्या खोलीच्या दारावर कपाळ आपटायचा. एकदा एका मावशींना त्याने ढकललं. त्या पडल्या, मनगट मुरगळलं, तीन आठवडे कामावर येऊ शकल्या नाहीत. त्या दिवसापासून घरातलं वारं फिरलं. आवाज चढले, दोन जणांनी त्याच्याबरोबर एकटं थांबायला नकार दिला, आणि त्यांचं भय खोटं नव्हतं.

आम्ही जे केलं ते सगळं वाचायला समंजस वाटेल असं होतं. आधी शारीरिक कारण शोधलं, आणि ते शोधायलाच हवं. न बोलणारा माणूस स्वतःला इजा करतो तेव्हा पहिला संशय दुखण्यावर घ्यायचा: दात, कान, पोट, बद्धकोष्ठता. "स्वमग्न आहे, चावणारच" म्हणून खरं दुखणं नजरेआड होतं, आणि अशाने माणसं दगावलेली आहेत. एक दाढ किडलेली निघाली. काढली. आम्हाला वाटलं, सापडलं. चावणं थांबलं नाही.

मग चपलांचं रॅक कुलपाच्या कपाटात गेलं. ही सूचना मंजूर करणारी मीच. पावणेदोनला त्याला त्याच्या खोलीत नेऊन संगीत लावायचं ठरलं, "वातावरण शांत राहावं म्हणून". चप्पल न लपवता दिवस गेला की आवडीची वस्तू. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी त्याने कपाटाच्या दारावर कपाळ फोडून घेतलं, दोन टाके पडले.

मनोविकारतज्ज्ञांनी रिस्पेरिडोन हे मनोविकृतीवरचं औषध सुरू केलं, नंतर डोस वाढवला. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे आमच्याच नोंदी होत्या, आणि त्यांत प्रत्येक वेळी "कारण काही नाही" लिहिलेलं होतं. कारणच नसेल तर औषध उरतं. रिस्पेरिडोनला अमेरिकेत 2006 साली स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी मान्यता मिळाली, ती 5 ते 16 या वयासाठी. मोठ्या माणसांबाबत 2008 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी छापून आली आहे. ती या कामातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. बौद्धिक अक्षमता असलेली, मनोविकृती नसलेली, पण आक्रमक होणारी 86 मोठी माणसं. काहींना हॅलोपेरिडॉल हे त्याच प्रकारचं जुनं औषध, काहींना रिस्पेरिडोन, काहींना औषध नसलेली गोळी. चार आठवड्यांत तिन्ही गटांत आक्रमकता उतरली, आणि आकड्यांत सगळ्यात जास्त उतरली ती औषध नसलेल्या गोळीच्या गटात. याचा अर्थ औषध कधीच लागत नाही असा नाही. पण कारण शोधायच्या आधी ते सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की वर्षानुवर्षं चालतं. इंग्लंडमध्ये 2016 साली या माणसांची नको असलेली औषधं कमी करण्यासाठी राष्ट्रीय मोहीमच उभारावी लागली.

आमच्याकडे काय झालं? सकाळी डोळे उघडेनात, वजन वाढलं, आणि संध्याकाळी तो व्हरांड्यात येरझारा घालू लागला. बसला की उठायचा, उठला की पाय बदलत उभा. आम्ही लिहिलं, "अस्वस्थता वाढली आहे, डोस पुरत नसावा." या औषधांनी आतून बसूच न देणारी एक तगमग येते, तिला अॅकॅथिसिया म्हणतात, हे मी प्रशिक्षणात शिकले होते. समोर दिसली तेव्हा ओळखली नाही.

व्हरांड्यातली पंधरा मिनिटं

एका दुपारी दुपारच्या पाळीतलं कोणी येऊ शकलं नाही, म्हणून मी गेले. दोन वाजता सकाळच्या दोघी आणि दुपारची एक अशा तिघी हँडओव्हरसाठी, म्हणजे पाळी बदलताना माहिती सोपवायला, ऑफिसच्या खोलीत गेल्या, नेहमीप्रमाणे दार लावलं. मी बाहेर, व्हरांड्यात खाली बसले होते. कपाट त्या दिवशी उघडंच राहिलं होतं.

दादा त्याच्या खोलीतून आला. संगीत चालूच होतं. तो कपाटापुढे उकिडवा बसला. सहा-सात जोड होते. त्याने हात लावला नाही, एकेका जोडावर बोट नेत गेला, रांगेत मोजल्यासारखं. निळ्या पट्ट्यांच्या जोडाशी थांबला. हाच जोड सकाळच्या मदतनीस ताईचा. त्यातली डावी उचलली, उजवी तशीच ठेवली, आणि ती पुढे सरकवून रांग नीट केली. डावी सदऱ्यात घालून पोटाशी धरली. मग ऑफिसच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आपटलं नाही. नुसता उभा, कपाळ दाराला टेकवून. आतून बोलण्याचा आवाज येत होता, त्यात त्याचं नाव येत होतं.

एकच चप्पल. कितीदा लिहिलं होतं आम्ही "चप्पल लपवली", आणि ती नेहमी एकच असते हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्रास द्यायचा असता तर जोड नेला असता, कुठलाही नेला असता.

त्या रात्री मी नोंदवही घेऊन बसले. कोणाची चप्पल, हे एकाही नोंदीत नव्हतं. आठही जणांना फोन करून विचारलं. ज्यांना आठवत होतं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं: त्यांची चप्पल गेली तेव्हा त्यांची पाळी संपत होती. येणाऱ्याची चप्पल त्याने कधीच घेतली नव्हती. मग वेळा मांडल्या. 31 पैकी 22 दुपारी दोनच्या आसपास, 6 रात्री नऊच्या आसपास. पाळी सकाळी सातलाही बदलते, तेव्हा फक्त 2. त्या दोन्ही दिवशी तो लवकर जागा झाला होता, एरवी सातला झोपेत असतो. राहिलेली एक वेगळ्याच कारणाची होती. पानं तीच, आकडे तेच, आणि सहा आठवडे आम्ही त्यांच्यावरून नजर फिरवत होतो.

सकाळी बहिणीला फोन केला. चपलेचं सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "अहो मॅडम, तो विचारतोय. कधी येणार म्हणून."

आई नोकरीला जायची तेव्हा तो लहानपणापासून तिची एक चप्पल धरून बसायचा. आई भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहायची, बोटाने दाखवायची: छोटा काटा सहावर, की मी आले. तो काट्याकडे बघायचा, सहाकडे बघायचा, चप्पल द्यायचा. रोज. पंचवीस-तीस वर्षं. "आम्हाला ते इतकं रोजचं होतं की सांगायचं सुचलंच नाही. आणि तुम्ही विचारलंही नाही." तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, पण ते मला लागलं. प्रवेशाच्या वेळी आम्ही तिच्याकडून बारा पानांचा अर्ज भरून घेतला होता. आवडीनिवडी, अॅलर्जी, झटके, झोप. तो प्रश्न कसे विचारतो, असा रकाना त्यात नव्हता.

आता घराकडे बघा. भिंतीवरचं एकमेव काट्यांचं घड्याळ ऑफिसच्या खोलीत होतं. दोन वाजता त्या खोलीचं दार लागायचं. जाणारी माणसं आत, येणारी आत, घड्याळ आत, त्याच्याबद्दलचं बोलणं आत. बाहेर तो आणि चपला. जे हातात होतं ते त्याने धरलं, आणि आम्ही तेही कुलपात ठेवलं.

"येते हं दादा"

भाषेचाही वाटा होता. हा भाग मला सगळ्यात उशिरा कळला.

आपण निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात काही अडेल असं मनातही येत नाही. आता हे त्याच्या कानांनी ऐका. शब्दाचा जो अर्थ तोच अर्थ, असं ऐकणारा माणूस. समोरची ताई म्हणते "येते हं दादा", आणि दार ओढून घेते. येत नाही. सतरा तास येत नाही. मध्ये सुट्टी असेल तर एक्केचाळीस तास नाही. आईसुद्धा "येते"च म्हणायची, पण तिच्या "येते"ला सहाचा काटा जोडलेला असायचा. आमच्या "येते"ला काहीच जोडलेलं नव्हतं.

डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने 2012 साली मांडलं की स्वमग्न आणि इतर माणसांमधली समजुतीची दरी दोन्ही बाजूंची असते. एकाच बाजूला उणीव आहे असं समजणं चूक. वाचताना मी मान डोलावली होती. त्या व्हरांड्यात बसेपर्यंत ते माझ्या घरात कुठे लागू होतं हे मात्र कळलं नव्हतं.

काय बदललं, आणि काय फसलं

घड्याळ त्याच संध्याकाळी बैठकीच्या खोलीत लावलं. चपलांचं रॅक परत दाराशी आलं. एवढ्याला परवानगी लागत नाही, पैसा लागत नाही.

पाळीचा तक्ता अवघड निघाला. फोटोंचा फलक केला: आता घरात कोण, पुढे कोण येणार, आणि शेजारी घड्याळाचं चित्र, छोटा काटा रंगवलेला. बघून समजणाऱ्या माणसाला दिवस बघण्याजोगा करून द्यायचा, ही पद्धत या क्षेत्रात जुनी आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांनी 1970 च्या दशकात ती पद्धतशीर रुजवली. पहिला आठवडा सुंदर गेला. जाणाऱ्याचा फोटो तो स्वतः काढायचा, येणाऱ्याचा लावायचा, घडीवर फिरवतो तसा तळहात फोटोवर फिरवायचा. दुसऱ्या आठवड्यात एकाला ताप आला, बदली दुसरी आली, फलकावर फोटो पहिल्याचाच. दादाने तो फोटो फाडला, फलक भिंतीवरून ओढला, हाताला चावला. पुढच्या दोन आठवड्यांत पाच घटना. "बघा, फलकाचाही उपयोग नाही," असं दोघं-तिघं म्हणाले.

फलक खोटं बोलला होता. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात स्वमग्न मुलांच्या "सगळं तसंच राहावं" या आग्रहाबद्दल लिहिलं, आणि तेव्हापासून बदल म्हणजे या माणसांचा शत्रू असं धरून चालतात. दादाला बदल आवडत नाही हे खरं. पण त्याला मोडून टाकतो तो न सांगता झालेला बदल. म्हणून एक केशरी कार्ड केलं, त्यावर चेहऱ्याची नुसती कड, आत रिकामं. कोणी येणार नाही असं कळलं की जो घरात असेल त्याने लगेच ते दादाच्या हातात द्यायचं, तो जुना फोटो काढून कार्ड लावतो, आणि कोण येणार ते ठरलं की वर नवा फोटो. पहिल्यांदा कार्ड दिलं तेव्हाही तो चावला. चौथ्या वेळी "हं" म्हणाला.

1985 साली कार आणि ड्युरँड या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्रासदायक वागण्यातून मूल जे मागतं, ते मागायची सोपी रीत शिकवली की ते वागणं ओसरतं. पण आमच्या बाबतीत एक गोष्ट उलटी होती. दादाकडे रीत होतीच, सभ्य आणि शांत. एक चप्पल धरायची. चावणं सुरू व्हायचं ते चप्पल हिसकल्यावर. त्यामुळे त्याला नवं शिकवण्यापेक्षा आम्हाला शिकायचं होतं: चप्पल दिसली की हात पुढे करायचा नाही, घड्याळापाशी जायचं, काटा दाखवायचा. बहुतेक वेळा तो दहा-पंधरा सेकंदांत देतो. काही वेळा नाही. मग थांबायचं. पाळीच्या शेवटी, घरी जायची घाई असताना, थांबणं किती जड जातं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

निघतानाच्या शब्दावरून खरा वाद झाला. मी सुचवलं, "मी जाते, उद्या येते" असं स्पष्ट म्हणायचं. ज्यांना त्याने ढकललं होतं त्याच मावशी म्हणाल्या, "जाते कसं म्हणू हो ताई? निघताना असं अभद्र बोलायचं?" मी समजावू लागले, त्या ऐकेनात, आणि त्यांच्यावर जबरदस्ती करावी असं मला वाटलं नाही. तोडगा त्यांनीच काढला. "घरी जाते, उद्या येते." आधी "घरी" लावलं की जिभेला अडत नाही. आता आठही जण तेच म्हणतात.

हँडओव्हर ऑफिसातून बाहेर काढायचा ठरला. त्याच्याविषयी जे त्याच्यासमोर बोलवत नाही ते बोलायचं नाही. पण बाहेर आणला तर दुसऱ्या खोलीतल्या काकांना त्रास होऊ लागला. दुपारी बैठकीत शांतपणे टीव्ही बघणं हा त्यांचा दिवसातला हक्काचा वेळ. घर तिघांचं आहे. शेवटी रॅकजवळ दोन खुर्च्या टाकल्या. दादाचं बोलणं तिथे, त्याच्या देखत. इतर दोघांच्या खासगी बाबी लेखी. बोलण्याची भाषा आपोआप बदलली. "आज खूप त्रास दिला" असं माणसाच्या तोंडावर म्हणता येत नाही.

हे सगळं पंधरा-वीस मिनिटांचं काम, आणि ती मिनिटं दोन्ही पाळ्यांची असावी लागतात. आधी ती बिनपगारी होती. मी अडून बसले की त्यांचा पगार मिळालाच पाहिजे, आणि तीन बैठकांनंतर मिळाला. ज्या मदतीचा पाया थकलेल्या, फुकट थांबवलेल्या माणसांवर उभा आहे तिच्यात धीराची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? त्याचबरोबर पाळ्या लावायची पद्धत बदलली. पूर्वी रिकामी जागा भरणं एवढाच हिशेब होता. आता शक्यतो तीच माणसं त्याच वारी येतात.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. फलक आल्यापासून एका मदतनिसाचा फोटो दादा हातात घेतो आणि पालथा ठेवतो. दर वेळी, फक्त त्याचाच. त्या मुलाने काही वावगं केलेलं नाही, आम्ही तपासलं. त्याचा आवाज मोठा आहे, कदाचित तेवढंच. 2017 च्या टिपणातलं ते वाक्य मी वर लिहिलं, मदत कोणाकडून घ्यायची यावर सत्ता असल्याचं. ती सत्ता दादा वापरतो आहे, आणि आमच्याकडे माणसं कमी आहेत. सध्या तो मुलगा इतर दोघांचं बघतो. त्याला वाईट वाटतं.

आजची स्थिती

सगळं बसल्यानंतरच्या बारा आठवड्यांत चावण्याच्या घटना चार. अंगठ्यामागची जाड कातडी राहिली आहे, जखम भरली. औषध मनोविकारतज्ज्ञांनी पायरीपायरीने उतरवायला घेतलं; असं औषध स्वतःच्या मनाने किंवा एकदम बंद करायचं नसतं. एका पायरीवर झोप बिघडली तर तिथेच सहा आठवडे थांबलो. आता मूळ डोसच्या निम्म्यावर आहे. येरझारा गेल्या. सकाळी साडेसातला उठून यंत्र लावतो. प्रवेशाच्या अर्जात आम्ही एक पान वाढवलं: हा माणूस नाही कसं म्हणतो, दुखतं कसं सांगतो, प्रश्न कसा विचारतो. ते पान कार्यालयात बसून भरायचं नाही, घरच्यांबरोबर एक पूर्ण दिवस काढून भरायचं.

गेल्या महिन्यात मावशी काम सोडून दूर मुलाकडे राहायला गेल्या. पूर्वी कोणी काम सोडलं की त्या रात्रीच फोटो, नाव, सगळं उतरवलं जायचं. यावेळी दोन आठवडे आधीपासून मावशींचा फोटो फलकावरून काढून त्याच्या अल्बममध्ये ठेवायचा सराव केला, पाळी असली की परत फलकावर. भेटायला येईन असं सांगू का, त्यांनी विचारलं. नक्की येणार असाल तरच, मी म्हटलं. त्यांनी विचार केला आणि नको म्हणाल्या.

शेवटच्या रात्री नऊला त्याने त्यांची डावी चप्पल धरली. मावशींना ते ठाऊक होतं, दुसरा जोड पिशवीत घालूनच त्या आल्या होत्या. घड्याळापाशी गेल्या, पण दाखवायला काटा नव्हता. त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "मी जाते."

त्या रात्रीची नोंद अशी आहे. "9.20. दादा हाताला चावला, दोनदा. कारण: मावशी काम सोडून गेल्या. शेजारी बसून राहिलो. 10.15 ला अल्बम काढून बघितला. डावी चप्पल त्याच्या खोलीत आहे. मागू नये."